ईटमध्ये वाचलेले कलम 43

संविधान सभेत कलम 43 मधले निर्वाह वेतनाचे वाक्य 23 नोव्हेंबर 1948 रोजी चर्चेला आले. मसुद्यात त्याचा क्रमांक 34 होता, अंतिम पाठात तो 43 झाला. त्याआधी दोनच महिने, 17 सप्टेंबरला, निजामाने शरणागती पत्करली होती आणि हैदराबादेत जनरल चौधरींचा लष्करी अंमल सुरू झाला होता. उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव जिल्हा, त्या अंमलाखाली होता आणि भूम तालुक्यातले ईटही. हैदराबाद संस्थानाचा प्रतिनिधी संविधान सभेत अखेरपर्यंत बसला नाही. तेव्हा शेतमजुराला काय मिळावे हे सांगणारे वाक्य ठरत असताना ईटच्या बाजूने हात वर करणारे तिथे कोणीच नव्हते.

प्रश्न साधा आहे. माणूस कामाला लागला की पहिल्या दिवसापासून त्याला त्या जागी जगण्यापुरते मिळाले पाहिजे का? की आधी थोडक्यात भागवावे, काम शिकावे आणि पोटापुरते नंतर मागावे? हा वाद बहुधा पुण्या-मुंबईच्या खोलीभाड्यावरून चालतो. मी तो बालाघाटाच्या पठारावरच्या एका गावातून वाचतो आहे, कारण शहरात झाकलेली गृहीतके तिथे उघडी पडतात. कलमाचे तुकडे क्रमाने घेतो. ते अधिकृत पाठातून उचललेले नाहीत, त्यांचा आशय माझ्या मराठीत दिला आहे.

“राज्य”

कलम 12 मधली व्याख्या कलम 36 ने मार्गदर्शक तत्त्वांच्या या भागालाही लावली आहे. त्यामुळे इथे राज्य म्हणजे केवळ दिल्ली आणि मुंबई नव्हे. जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतही त्यात येतात. ईटसारख्या गावात महिन्याच्या महिन्याला रोख देणारा मोठा मालक राज्यच असतो: शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत. म्हणून कलमाची पहिली परीक्षा त्याच्याच हजेरीपटावर घ्यावी.

शिक्षणसेवक योजना 2000 साली आली. पदविका घेऊन, निवड होऊन वर्गात उभ्या राहिलेल्या तरुणाला पहिली तीन वर्षे वेतन नाही, मानधन. प्राथमिक शाळेसाठी ते तीन हजारांपासून सुरू झाले, पुढे सहा हजार झाले आणि वर्षानुवर्षे तिथेच थांबले. जानेवारी 2023 पासून ते 16,000 झाले. माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000. शेजारच्या वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवणाऱ्या कायम गुरुजींचा पगार याच्या कितीतरी पट. शिकण्याचा काळ म्हणावा, तर शिकणे पदविकेत झालेले आहे. परिविक्षा म्हणावी, तर परिविक्षेतल्या तहसीलदाराला कोणी मानधनावर ठेवत नाही. अंगणवाडी सेविकेला आणि मदतनिसाला तर तीन वर्षांची मुदतही नाही. त्यांची ‘सुरुवात’ सेवा संपेपर्यंत चालते.

“प्रयत्न करील”

इथे अनेकजण वाचणे थांबवतात. प्रयत्नच करायचा आहे, आणि कलम 37 प्रमाणे कोर्टात दाद मागता येत नाही, मग उरले काय? बाबासाहेबांनी याच प्रकरणावर 19 नोव्हेंबर 1948 रोजी उत्तर दिले होते. परिस्थिती कितीही प्रतिकूल असली, तरी सरकारने झटत राहिले पाहिजे आणि अडचण हे कारण म्हणून पुढे करता येऊ नये, असा त्यांचा आशय होता. तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर त्यांनी आधीच बाद करून ठेवले होते. याहून जास्त भाष्य या तुकड्यावर करणे म्हणजे पळवाटेला रस्ता समजणे होईल.

“योग्य कायद्याने, आर्थिक संघटनेने किंवा अन्य मार्गाने”

तीनही वाटा ईटपर्यंत येऊन पोचल्या आहेत आणि तिन्हींची अवस्था वेगळी आहे.

कायद्याची वाट जुनी. किमान वेतनाचे विधेयक 1946 मध्ये मांडले गेले तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कायदा 1948 मध्ये झाला आणि शेती त्याच्या परिशिष्टात पहिल्यापासून होती. आता त्याची जागा 2019 च्या वेतन संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. पण बांधावर निरीक्षक येत नाही. शेतमालक आणि मजूर एकमेकांच्या लग्नात जेवलेले असतात. तक्रार करायची तर पुढच्या खुरपणीला कोणी बोलावणार नाही.

दुसरी वाट महाराष्ट्राने स्वतः बांधली. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यात जी कल्पना करून पाहिली, ती 1972 च्या दुष्काळात राज्यभर पसरली. मे 1973 मध्ये सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, नालाबंडिंग, पाझर तलाव, दुपारी सुकडी: मराठवाड्यातल्या साठीपलीकडच्या माणसांना हे सांगावे लागत नाही. रोजगार हमीचा कायदा 1977 चा आणि अंमल 26 जानेवारी 1979 पासून. पैसा उभा राहिला त्यात शहरांतल्या नोकरदारांवरचा व्यवसाय कर होता. शहराने गावाच्या मजुरीचा भार उचलायचा, म्हणजे गाव शहराच्या फुटपाथवर येणार नाही, असा तो रोखठोक सौदा होता. कलमातल्या ‘आर्थिक संघटने’चा यापेक्षा चांगला नमुना मला देशात दिसत नाही.

मात्र हमी कामाची होती, निर्वाहाची नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये संजित रॉय प्रकरणात दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवून घेणे वेठबिगार ठरवले होते. तरी केंद्राच्या रोजगार हमी कायद्यात कलम 6 असे लिहिले गेले की किमान वेतनाचा कायदा काहीही म्हणो, दर केंद्र ठरवील. महाराष्ट्रासाठी 2025–26 चा तो दर 312 रुपये. त्याची वार्षिक वाढ शेतमजुरांच्या ज्या निर्देशांकाला बांधली होती, त्याचे आधारवर्ष 2025 पर्यंत 1986–87 होते. ज्या टोपलीतल्या वस्तू मोजायच्या, ती टोपली मोबाइल, नळयोजना आणि इंग्रजी शाळा यांच्या आधीची.

तिसरी वाट, ‘अन्य मार्ग’, म्हणजे ऊसतोडणीचा करार. भूम, वाशी, कळंब आणि शेजारचा बीड जिल्हा इथून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे, काही कर्नाटकात. त्यांचा दर विधिमंडळ ठरवत नाही. साखर संघ आणि ऊसतोड संघटना समोरासमोर बसतात, मध्ये लवाद. शरद पवार आणि गोपीनाथ मुंडे यांच्या लवादाच्या आठवणी या भागात अजून निघतात. जानेवारी 2024 मध्ये 34 टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर 273 वरून सुमारे 366 रुपयांवर गेला. वाढ मोठी दिसते. पण दर टनाला आहे आणि तोडणारा ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायको दोघे. जोडीने दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडला, सोलला, मोळ्या बांधून गाडीत भरला, तर 550 ते 730 रुपये. माणशी 275 ते 365. पहाटे चारला सुरू झालेल्या दिवसाचे हे मोल रोजगार हमीच्या 312 रुपयांच्या आसपास फिरते. हा पैसा तरी कारखान्याच्या नफ्यातून जातो का? तोडणी-वाहतुकीचा खर्च ऊस उत्पादकाच्या बिलातून कापला जातो.

“सर्व कामगारांना: शेतीतल्या, कारखान्यातल्या किंवा अन्य”

माझ्या मते कलमाचा कणा हा आहे. ‘सर्व’ म्हटल्यावर नवे-जुने, तरुण-म्हातारे असा भेद करायला जागा उरत नाही. जगात तो भेद राजरोस केला जातो. ब्रिटनमध्ये पूर्ण किमान दर 21 वर्षे पुरी झाल्यावर मिळतो, त्याखालच्यांना कमी. आपल्याकडे तो वयाने नाही, पदनामाने होतो: प्रशिक्षणार्थी, सेवक, मदतनीस, स्वयंसेविका.

कमी सुरुवातीच्या बाजूने एक दमदार युक्तिवाद आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. नवख्याला काम येत नाही, त्याची चूक मालक सोसतो, त्याला शिकवण्यात जुन्या माणसाचा वेळ जातो. म्हणून पहिल्या वर्षी कमी, दुसऱ्या वर्षी जास्त. जिथे वर चढायला जिना आहे, तिथे हे समजू शकते.

आता ईटच्या शिवारात या. खुरपायला पहिल्यांदा आलेल्या अठरा वर्षांच्या पोरीची हजेरी आणि तीस वर्षे खुरपे धरलेल्या बाईची हजेरी एकच. सोयाबीन काढणीचे उक्ते घेणाऱ्या टोळीत अनुभवाला वेगळा भाव नसतो. गुढीपाडव्याला साल ठरवणारा सालगडी पुढच्या पाडव्याला पुन्हा तिथूनच सुरू करतो. इथे सुरुवातीचा दर हाच शेवटचा दर आहे. मग ‘आधी थोडे, मग पुरेसे’ यातला ‘मग’ कुठून येणार? कमी सुरुवातीची सगळी बाजू ज्या जिन्यावर उभी आहे, तो देशातल्या बहुसंख्य मजुरांच्या कामात बांधलेलाच नाही.

शिकलेल्या पोरांसाठी जिना आहे असे आपण धरून चालतो. राज्याने जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली: बारावीला 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000, पदवीला 10,000 रुपये महिना; मुदत आधी सहा महिने, नंतर अकरा. ईटच्या पदवीधराला भूमच्या एखाद्या कार्यालयात हे विद्यावेतन मिळाले तर तो घरी जेवून, शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर जाऊन निभावतो. म्हणजे विद्यावेतनातली तूट त्याच्या आईचा स्वयंपाक भरून काढतो. मुदत संपली की पायरीपुढे भिंत. लगोलग मुदतवाढीची आणि कायम करण्याची मागणी का उठली, हे यातून समजते. तेच 10,000 पुण्यात मिळाले तर खोली आणि खानावळीतच संपतील. तिथे तो राहू शकेल तो घरून पैसे येत असतील तरच. कमी सुरुवात म्हणजे सर्वांसाठी खुली सुरुवात असे भासते. पण काही महिने तोटा सोसायची ऐपत ज्याच्या घरात आहे, त्याच्यासाठीच ती खुली असते.

याच तुकड्यावर सर्वांत अवघड आक्षेप येतो आणि तो कारखानदाराचा नाही, तीन एकरवाल्या शेतकऱ्याचा. क्राउन ॲल्युमिनियम प्रकरणात 1957 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की किमान वेतन देता येत नसेल त्या उद्योगाला चालण्याचा हक्क नाही. कारखान्याला हे सुनावणे सोपे. पण खुरपणीची मजुरी वाढली म्हणून शेतकऱ्याने शेती बंद करावी, असे कोण म्हणेल? सोयाबीनचा 2024–25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 होता आणि बाजारात त्या हंगामात बराच काळ त्याहून कमी भाव निघत होता. त्याच शेतकऱ्याची सून हंगामात दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जाते. मालक आणि मजूर हे इथे पुष्कळदा एकाच घरातले दोन दिवस असतात.

तरीही हा आक्षेप मला शेवटपर्यंत पटत नाही. हमीभाव काढताना धरलेल्या खर्चात मजुरांना दिलेली रोख मजुरी असते आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे मोलही मजुरीच्या दरानेच लावलेले असते. 2018–19 पासून भाव या खर्चाच्या दीडपट असावा असे सरकारने मान्य केले आहे. म्हणजे मजुरी दाबली की शेतकऱ्याच्या स्वतःच्या, बायकोच्या आणि बापाच्या घामाची कागदावरची किंमतही दबते, आणि तिच्यावर उभा असलेला हमीभावही. मजुराला कमी देऊन वाचवलेला रुपया शेतकरी दुसऱ्या हाताने कृषिमूल्य आयोगाला परत करत असतो. हमीभाव देशाच्या सरासरीवर निघतो आणि बाजार तो देतोच असे नाही, ही खरी अडचण आहे. पण तिचा जाब बाजार समितीला आणि सरकारला विचारायचा असतो. खुरपणाऱ्या बाईच्या हजेरीतून ती वसूल करायची नसते.

“काम”

वेतनाआधी काम. क्रम नेमका आहे. रोजगार हमीचे 312 रुपयांचे शंभर दिवस म्हणजे 31,200. वर्षाच्या बारा महिन्यांत वाटले तर घराला महिना 2,600. दर कितीही न्याय्य ठरवा, दिवसच नसतील तर निर्वाह होत नाही.

“निर्वाहापुरते वेतन”

या कल्पनेचा गाजलेला निकाल ऑस्ट्रेलियातला. मेलबर्नजवळ सनशाइन इथल्या कापणी यंत्रांच्या कारखान्याच्या प्रकरणात 1907 मध्ये न्यायमूर्ती हिगिन्स यांनी अकुशल मजुराला दिवसाला सात शिलिंग ठरवले. मालकाला किती परवडते यापासून त्यांनी सुरुवात केली नाही. पाच माणसांचे घर काटकसरीत पण सुसह्य चालायला काय लागते, हे त्यांनी विचारले; आणि विचारले मजुरांच्या बायकांना, साक्षीला बोलावून. भाडे किती, पाव किती, सरपण किती. त्यांनी धरलेला मजूर अकुशल होता हे महत्त्वाचे. आजच्या भाषेत तो पहिल्या पायरीवरचाच माणूस. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दर ठरताना एखाद्या मजूर बाईला तिचा किराणा कोणी साक्षीला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

आपल्याकडे 1948 मध्ये नेमलेल्या न्याय्य वेतन समितीने तीन पायऱ्या केल्या: किमान, न्याय्य आणि निर्वाह. निर्वाह वेतन सगळ्यांत वर. तेव्हा कलम 43 ने मागितले आहे ते सर्वांत वरचे, आणि ईटमध्ये भांडण सर्वांत खालच्यासाठी आहे. 1957 च्या जुलैमध्ये नवी दिल्लीला झालेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाचे गणितही मांडून दिले. कमावत्या एका माणसामागे तीन उपभोग घटक: पुरुष 1, बायको 0.8, दोन मुले मिळून 1.2. प्रत्येक घटकाला डॉ. आयक्रॉइड यांच्या हिशेबाने 2,700 उष्मांक, घराला वर्षाला 72 वार कापड, घरभाडे, आणि सरपण-दिवाबत्ती वगैरेसाठी एकूण वेतनाच्या 20 टक्के. बायको-मुलांची कमाई हिशेबात धरायची नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये रेप्टाकोस ब्रेट प्रकरणात शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण आणि लग्नकार्य यांसाठी आणखी 25 टक्के घातले.

या गणिताशेजारी कोयता ठेवून पाहा. परिषदेने जी बायको जेवणात 0.8 धरली, ती फडात अर्धा कोयता असते, आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढताना तिचे वजन कोणी 0.8 करत नाही. परिषदेने जिची कमाई धरू नका म्हटले, तिच्या श्रमाशिवाय तोडणीचा दर सुरूच होत नाही. एका माणसाच्या वेतनात तीन घटक जगावेत हे सूत्र. व्यवहारात दोघे राबतात आणि हंगामाआधी घेतलेली उचल फिटत नाही.

आता स्थानिक खर्चाकडे. सरकारी दरपत्रकांत महापालिकांचे एक परिमंडळ, नगरपालिकांचे दुसरे आणि उरलेले सगळे तिसरे, अशी रचना नेहमीची आहे. ईट या ‘उरलेल्यात’ पडते आणि त्याचा दर सर्वांत कमी. कारण दिले जाते: गाव स्वस्त आहे. हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की ते तपासायचे राहून गेले.

काय स्वस्त आहे? घरभाडे नाही, हे खरे. घर पत्र्याचे का असेना, आपले असते. ज्वारी थोडी घरची, सरपण काही वेचलेले. रेशनवर माणशी पाच किलो धान्य जानेवारी 2023 पासून फुकट. पण ते धान्य म्हणजे मजुरीचा राज्याने उचललेला हिस्सा. मालकाने कमी दिले ते करदात्याने भरले.

गोडेतेलाच्या पिशवीवर, औषधाच्या पत्तीवर, रिचार्जवर, शाळेच्या वहीवर छापील किंमत एकच असते; ती परिमंडळ विचारत नाही. आणि काही गोष्टी गावातच महाग. गंभीर आजार झाला की बार्शी किंवा सोलापूर गाठायचे. दवाखान्याच्या बिलाआधी गाडीचे भाडे, सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, बाहेरचे जेवण. पोराला चांगले शिकवायचे तर लातूर किंवा पुणे, म्हणजे ज्या खोलीभाड्यातून ईट सुटले असे म्हणतो ते भाडे तिथे भरायचे. उन्हाळ्यात पाणी विकत. आणि सर्वांत महाग वस्तू म्हणजे पैसा. महिना शेकडा तीन रुपये म्हणजे वर्षाला 36 टक्के, बँकेचा नोकरदार ग्राहक ज्या व्याजाला हात लावणार नाही असे. मजुरी निर्वाहाला कमी पडते तितकी रक्कम याच दराने उसनी येते. ऊसतोडीची उचल, जोडीमागे लाखाच्या घरातली, ही मुळात गेल्या वर्षीच्या अपुऱ्या मजुरीची या वर्षी काढलेली भरपाई आहे. ती फेडायला पुन्हा जायचे.

म्हणून स्थानिक खर्च मोजावा, पण पुरता मोजावा, असे माझे म्हणणे आहे. घरभाडे वजा करता तर अंतर मिळवा, व्याज मिळवा. केंद्राने नेमलेल्या अनुप सत्पथी समितीने 2019 मध्ये याचा एक समंजस रस्ता दाखवला होता: जुलै 2018 च्या भावाने देशभर दिवसाला 375 रुपये, महिना 9,750, आणि शहरात घरभाड्यासाठी 1,430 रुपयांपर्यंत वेगळे. पोट सगळ्यांचे सारखे, फरक छपरापुरता. तिने घटकही तीनवरून 3.6 केले. चौघांच्या घरात 9,750 वाटले तर माणशी रोज 81 रुपये येतात. चैनीची व्यवस्था नव्हे ही. तरी किमान वेतनाचा राष्ट्रीय तळदर जून 2017 मध्ये ठरलेल्या 176 रुपयांवर वर्षानुवर्षे बसून राहिला. वेतन संहितेने तळदराला आता कायद्याचे बळ दिले आहे, आणि तो ठरवताना किमान जीवनमान पाहावे असेही म्हटले आहे. आकडा कोणता लिहिला जाईल, त्यावर या सगळ्या कलमांचे वजन ठरेल.

“माणसासारखे जगता येईल अशी कामाची स्थिती”

फडाजवळची कोपी, पाचटाचे छप्पर, अंधारात उघड्यावर जावे लागणे. आजारपणाचा दिवस म्हणजे खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांबद्दल 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या 82,309 महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशये काढलेली होती. शेजारच्या जिल्ह्यातला हा आकडा आहे, पण टोळ्या जिल्ह्याची हद्द पाहून बनत नाहीत. वेतन आणि कामाची स्थिती हे कलमात वेगळे शब्द असले तरी फडात ते एकच असतात: पाळीच्या दिवसांत घरी राहायची सोय दरात नसेल, तर ती शरीरातून काढली जाते. यावर पांडित्य करायची माझी इच्छा नाही.

“फुरसतीचा पूर्ण उपभोग, सामाजिक आणि सांस्कृतिक संधी”

वाचताना कुणालाही हसू येईल असा तुकडा. पण लिहिणारे भाबडे नव्हते. जत्रेला घरी असणे, पोरीच्या दहावीच्या परीक्षेला गावात असणे, ग्रामसभेला बसणे, या त्यातल्याच गोष्टी. टोळी गावात नसते ते पाच-सहा महिने म्हणजे शाळेचे जवळजवळ दुसरे सत्र. साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे त्यासाठीच काढावी लागली. निवडणूक हंगामात आली तर उमेदवार फडापर्यंत गाड्या पाठवतात, तेवढी एक संधी मात्र कुणी चुकवू देत नाही.

“आणि विशेषतः खेड्यांत कुटीरोद्योग, वैयक्तिक किंवा सहकारी तत्त्वावर”

ही शेपटी मसुद्यात नव्हती. कोइमतूरकडचे सहकारातले पुढारी रामलिंगम चेट्टियार यांच्या दुरुस्तीने ती जोडली गेली. गांधीवाद्यांना दिलेला एक तुकडा म्हणून तिची बोळवण करतात. भूम तालुक्यात ती वेगळी वाचावी लागते, कारण इथे कुटीरोद्योग म्हणजे खवा.

कुंथलगिरीच्या जैन तीर्थामुळे पेढ्याचे नाव झाले, आणि तालुक्यात गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत. कोरडवाहू शेती, दुधाची जनावरे, ताजे दूध मोठ्या शहरात पोचवायला लांब; म्हणून दूध आटवून न्यायचे, हे त्याचे साधे अर्थशास्त्र. म्हशीच्या चार-पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. अलीकडे लाकडाऐवजी सौर ऊर्जेवर चालणारी यंत्रेही आली आहेत. खव्याला वर्षभर गिऱ्हाईक असते, आणि ज्या घरात दोन म्हशी टिकल्या, त्या घराला दिवाळीनंतर कोयता उचलावा लागतोच असे नाही. निर्वाह वेतनाची मागणी करायची ताकद अशाच घरात येते: नाही म्हणता येणे हे मजुराच्या हातातले खरे माप आहे, आणि म्हैस ते देते.

पण भट्टीचा हिशेबही तपासावा. दूध मोजले जाते, खवा मोजला जातो, लाकूड मोजले जाते. धुरात कढईपाशी उलथने फिरवत उभ्या असलेल्या माणसाचे तास घरच्या भट्टीत कोणीच मोजत नाही, आणि भाड्याच्या भट्टीत ते किलोमागे ठरतात, टनामागे ठरणाऱ्या ऊसतोडीसारखे. धार काढणारी आणि शेण-पाणी करणारी बाई तर कोणत्याच वहीत नाही. सहकाराला 2011 च्या 97 व्या घटनादुरुस्तीने 43-ख हे स्वतंत्र कलम मिळाले. त्यात संस्थेची स्थापना, स्वायत्तता, लोकशाही नियंत्रण आणि व्यावसायिक व्यवस्थापन आहे. संस्थेच्या कढईपाशी उभ्या राहणाऱ्याला काय द्यायचे, ते त्यात आलेले नाही. त्यासाठी पुन्हा कलम 43 कडेच यावे लागते.